धोरणसंशोधकाची घडण : पुण्याची परंपरा आणि मुरबे गावाचा प्रश्न

अर्थशास्त्राचा पदवीधर आणि शासनाच्या धोरणास उपयोगी पडणारा अर्थसंशोधक यांत अंतर आहे. पहिला विद्यापीठात तयार होतो. दुसरा घडवावा लागतो. त्याला जाणत्या संशोधकाचे मार्गदर्शन, निर्वाहाची बेताची पण निश्चित सोय, प्रत्यक्ष पाहणीची शिस्त आणि त्याचे निष्कर्ष निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचविणारी वाट, या चार गोष्टी लागतात. महाराष्ट्रात त्या क्रमाक्रमाने एकत्र आल्या आणि त्यांचे केंद्र पुणे हे होते. पालघर तालुक्यातील मुरबे यासारख्या किनाऱ्यावरील गावांपुढे आज जे प्रश्न उभे आहेत, ते पाहता हा इतिहास पुन्हा तपासणे अगत्याचे आहे.

या परंपरेचा आरंभ १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेपासून धरता येतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सभेने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती जमविली आणि १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची हकीकत सरकारपुढे मांडली. १८७८ मध्ये सभेचे त्रैमासिक सुरू झाले. १८८७ च्या सुमारास त्याच्या संपादनाचे काम गोपाळ कृष्ण गोखले यांजकडे आले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. रानडे यांच्या हाताखाली त्यांनी अनेक वर्षे उमेदवारी केली. आकडेशास्त्रात त्यांना गणेश व्यंकटेश जोशी या शाळाशिक्षकाचे मोलाचे साहाय्य लाभले. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे गोखल्यांनी दिलेली साक्ष आणि १९०२ चे त्यांचे अर्थसंकल्पावरील भाषण ही या उमेदवारीची फळे होत. गोखले अर्थशास्त्राच्या परीक्षांतून नव्हे, तर गुरूच्या सहवासातून आणि कागदपत्रांच्या अभ्यासातून अर्थज्ञ झाले.

जे एका व्यक्तीच्या भाग्यात आले, ते इतरांसही मिळावे, अशी योजना गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापून केली. समाजाच्या सदस्यास पाच वर्षे शिक्षण घ्यावे लागे आणि त्याच्या साध्या राहणीपुरती तरतूद समाज करी. लोककार्यासाठी माणसाला आधी शिकवावे व शिकत असता त्यास पोटाची चिंता नसावी, हे तत्त्व येथे प्रथमच नियमबद्ध झाले. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली समाजाने गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापिली, तेव्हा हेच तत्त्व शास्त्रीय संशोधनास लागू झाले. संस्थेचे पहिले संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ त्या वेळी एकोणतीस वर्षांचे होते. १९६६ पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली.

गाडगीळांनी निवडलेले विषय पाहण्यासारखे आहेत. पुण्यातील फळबाजार (१९३३), मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटारवाहतूक (१९३५), वाई तालुक्यातील शेती (१९४०), पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी (१९४५ व १९५२) : यांतील कोणताही विषय ग्रंथालयात बसून उकलणारा नव्हता. फळबाजार व मोटारवाहतूक यांवरील ग्रंथांवर गाडगीळांबरोबर अनुक्रमे व्ही. आर. गाडगीळ व एल. व्ही. गोगटे या सहकाऱ्यांची नावे आहेत, ही गोष्टही क्षुल्लक नव्हे. ज्याने माहिती गोळा केली त्याचे नाव ग्रंथावर यावे, यातच संशोधकाच्या कारकिर्दीची पहिली पायरी असते.

पुढे या पाहणीचा धोरणाशी थेट संबंध जुळला. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे निवडली गेली. तिचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे तीन टक्केच आहे, हे त्यातून उघड झाले. या समितीचे एक सदस्य गाडगीळ होते आणि त्याच सुमारास प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचेही ते अध्वर्यू होते. १९५४ साली संस्थेत कृषि-अर्थसंशोधन केंद्र सुरू झाले. १९५९ पासून ‘अर्थविज्ञान’ हे नियतकालिक निघू लागले. त्यामुळे तरुण संशोधकाला काम करण्यास जागा आणि लिहिण्यास पाने मिळाली.

संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर १९६६ मध्ये संचालक झाले. १९७१ मध्ये त्यांनी नीलकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज २२५० उष्मांक पुरेल एवढा किमान खर्च त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनी ग्रामीण भागासाठी दरमहा दरडोई पंधरा रुपये, तर शहरासाठी साडेबावीस रुपये ठरविला. दारिद्र्याविषयीची चर्चा या आकड्यांनी ठोस भूमीवर आणली आणि ग्रामीण भागात कामे काढून रोजगार पुरवावा, असा उपायही त्यांनी सुचविला. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकारास आलेल्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात १९७९ मध्ये अमलात आला, तो याच विचारांच्या वातावरणात.

या परंपरेत एक उणीव राहिली, ती भाषेची. १८४९ साली लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून अर्थशास्त्र मराठीत आणले होते. तथापि पुढील काळात प्रश्न मराठीत विचारावयाचे व उत्तरे इंग्रजीत मांडावयाची, हा रिवाज पडला. शेतीबाबत तो कसाबसा चालला, कारण शेतसाऱ्याची परिभाषा जुनी होती. मच्छीमार वस्तीत तो चालत नाही. ‘तुमचे मासिक उत्पन्न किती?’ या प्रश्नास मुरबे येथील खलाशाने काय उत्तर द्यावे? होडीच्या कमाईतून त्याच्या पदरी वाटा पडतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. मासळी विकणे व बोंबील सुकविणे हे स्त्रियांचे काम, पण घरातील पुरुषाच्या उत्तरात ते क्वचितच उमटते. ‘उत्पन्न’ हा एक शब्द येथे तीन निरनिराळ्या हिशेबांना झाकून टाकतो. त्या रकान्यात चुकीचा आकडा भरला, तर नुकसानभरपाईचा आकडाही चुकणार.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. मुरब्याच्या उत्तरेस तारापूरची अणुवीज १९६९ मध्ये सुरू झाली. तेथील पुढील विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे हलविण्यात आली. बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या वाढवण बंदरास मान्यता दिली आणि मुरबे येथेही बहुउद्देशीय बंदराचा प्रस्ताव पुढे आला. अशा प्रसंगी लाभाचा हिशेब मांडणारे पुष्कळ असतात. कोणाची कोणती उपजीविका जाईल आणि तिचे मोल किती, हा हिशेब मात्र दारोदार गेल्यावाचून मांडता येत नाही.

म्हणून धोरणसंशोधनात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या तरुणास साहाय्य करणे म्हणजे त्यास केवळ शिष्यवृत्ती वा शिफारसपत्र देणे नव्हे. त्याला वर्षभर एका गावात राहता यावे, तेथील बोलीत प्रश्न विचारता यावेत, जाणत्या संशोधकाने त्याचे तक्ते तपासावेत आणि अखेर त्याचे नाव अहवालावर यावे, एवढी व्यवस्था विद्यापीठांनी केली पाहिजे. बोईसर-पालघर परिसरातीलच मुलामुलींना ती मिळाल्यास भाषेची उणीवही भरून निघेल. गाडगीळांनी वाई तालुक्यात जे केले, ते किनाऱ्यावर करणे हेच त्या परंपरेचे खरे अनुसरण ठरेल.