ठिपक्यांतून रेषेकडे

पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल विकून झाला की शेतकऱ्याच्या हाती पडते ती आडत्याची पट्टी. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी मिळणारी रक्कम. तिथे १ चा ९ वाचला गेला तर तंटाच. देवनागरीची खरी परीक्षा अशा बारीक अक्षरांत होते. ध आणि घ, भ आणि म, प आणि ष यांत फरक असतो तो एखाद्या गाठीचा नाहीतर एका तिरक्या रेघेचा. अक्षर जरा पुसट झाले की पहिल्यांदा हीच खूण जाते.

अक्षर ठसठशीत उमटावे म्हणून मराठी माणसाने केलेली खटपट जुनी आहे. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये मुंबईत टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी कारागिराने पोलादी ठशांवर कोरलेल्या अक्षरांनी त्या छापखान्याचे नाव देशभर झाले. त्या काळात प्रत्येक आकारासाठी ठसा वेगळा कोरावा लागे. मोठ्या अक्षराचा खिळा लहान करता येत नसे. लहान अक्षर हवे तर पुन्हा पहिल्यापासून कोरायचे.

संगणकयुगात हीच अडचण वेगळ्या रूपात परत आली. १९७७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्डचे गणिती डोनाल्ड क्नूथ यांच्या हाती त्यांच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. ती इतकी विद्रूप होती की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तीच ‘टेक’. अक्षरे घडवण्यासाठी त्यांनी ‘मेटाफॉन्ट’ लिहिला. मेटाफॉन्टमध्ये अक्षर समीकरणांनी आखले जाई, पण छपाईला जाताना त्याचे ठिपके होत, आणि तेही ठरावीक प्रिंटरच्या मापाचे, उदाहरणार्थ इंचाला ३०० ठिपके. त्या प्रिंटरवर पान सुरेख निघे.

देवनागरी या वाटेने आली ती नेदरलँड्समधून. ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स वेल्तहाउस यांनी १९९१ मध्ये मेटाफॉन्टसाठी देवनागरी अक्षरे आखली आणि रोमन लिपीत टंकलेला मजकूर देवनागरीत आणणारी ‘देवनाग’ ही आज्ञावली दिली. त्याच सुमारास अविनाश चोपडे यांची ‘आयट्रान्स’ ही तशीच आज्ञावली आली. मराठी, संस्कृत, हिंदी मजकूर साध्या रोमन कळफलकावर टंकून देवनागरीत छापता येऊ लागला. परदेशी बसलेल्या मराठी माणसाला आणि संस्कृतच्या अभ्यासकाला हे केवढे मोठे दान होते, हे ज्यांनी त्या काळात देवनागरीत लिहिण्याची धडपड केली त्यांनाच ठाऊक.

मग १९९३ मध्ये पीडीएफ आली आणि पान कागदाऐवजी पडद्यावर वाचले जाऊ लागले. प्रिंटरच्या मापाने गोठवलेले ठिपके पडद्याच्या विरळ ठिपक्यांत बसवायचे म्हणजे काही गाळायचे, काही एकमेकांत मिसळायचे. अ‍ॅक्रोबॅटच्या जुन्या आवृत्त्यांना हे मुळीच जमत नसे. परिणाम असा की शिरोरेषा कुठे जाड तर कुठे करडी, अनुस्वार मात्रेला चिकटलेला, जोडाक्षराचा पत्ता नाही. फाइलच्या माहितीत ‘फॉन्ट’ या सदरात पाहिले तर तिथे ‘टाइप ३’ लिहिलेले सापडे. रोग तोच: ठिपक्यांत साठवलेली अक्षरे. २००३ च्या अ‍ॅक्रोबॅट रीडर ६ पासून असे फॉन्ट बरेच सुसह्य दिसू लागले, पण तो वरवरचा उपाय होता. ठिपके ठिपकेच राहिले. खरा इलाज म्हणजे अक्षराची बाह्यरेषा साठवणारा फॉन्ट, जो कुठल्याही आकाराला तेवढाच धारदार राहतो. क्नूथ यांच्या रोमन अक्षरांची अशी ‘टाइप १’ रूपे १९९७ मध्ये सर्वांना मोफत खुली झाली. वेल्तहाउस यांच्या देवनागरीलाही पुढे बाह्यरेषेचे रूप मिळाले.

पुण्यात मात्र वाट निराळी होती. मार्केट यार्डापासून जवळच, सातारा रस्त्यावरच्या मॉड्युलर इन्फोटेकने ‘श्रीलिपी’ ही अक्षरजुळणीची प्रणाली घडवली. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे नेले. लग्नपत्रिकेपासून पाठ्यपुस्तकापर्यंत मराठीची डीटीपी या साधनांवर उभी राहिली, आणि त्यांची अक्षरे बाह्यरेषेची असल्याने पीडीएफमध्ये स्वच्छ दिसत. उणीव दुसरीच होती. मराठी अक्षरे रोमन चिन्हांच्या जागी बसवलेली असत. म्हणून तो मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग हाती येई. डोळ्यांना दिसते ते यंत्राला कळत नाही, हे दुखणे पुसटपणाइतकेच गंभीर मानायला हवे. त्यामुळे कितीतरी मराठी पुस्तकांच्या फाइली असूनही त्यांत एक शब्द शोधता येत नाही.

दोन्ही दुखणी बरीचशी दूर झाली ती प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारे युनिकोड आणि बाह्यरेषेचे फॉन्ट एकत्र आल्यावर. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींचा ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट लोकांपर्यंत पोचला. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी ‘झीटेक’ आणले आणि टेकला युनिकोड मजकूर व आधुनिक फॉन्ट थेट वापरता येऊ लागले. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिला. आयआयटी मुंबईने त्याच्याच आधारे ‘शोभिका’ घडवला, ज्यात संस्कृत अभ्यासकांना लागणारी चिन्हेही आहेत. सरकारी संस्थेने मराठीसाठी केलेले काम वैदिक स्वरचिन्हांपर्यंत पोचले, याची दखल फारशी कुणी घेतली नाही. ती घ्यायला हवी.

आज एखाद्याकडे १९९०च्या दशकातला पुसट प्रबंध असेल आणि टेकची मूळ फाइल जपलेली असेल, तर रोमन मजकूर युनिकोडमध्ये आणून, शोभिका लावून झीटेकमधून तो पुन्हा काढता येतो. एखादे जोडाक्षर तपासावे लागते, पानांची लांबी थोडी हलते, एवढेच. मूळ फाइल हरवली असेल तर मात्र ती पीडीएफ एका बटणाने सुधारत नाही. चित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या ओसीआरने मजकूर काढून तो ओळीओळीने तपासावा लागतो, नाहीतर प्रबंध पहिल्या ओळीपासून पुन्हा टंकावा लागतो. म्हणून विद्यापीठांनी प्रबंध स्वीकारताना पीडीएफबरोबर मूळ फाइल आणि वापरलेला फॉन्टही मागून घ्यावा.