पहिले बोलपट, त्यांतल्या नायिका आणि आपले दोन अमरावतीकर

स्मरणिकेसाठी वऱ्हाडाविषयी काही लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. कापूस आणि संत्र्यांवर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून मी बोलपटांचा पहिला काळ निवडला. त्यातही अमरावतीचा वाटा आहे.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते साळुंके नावाचे गृहस्थ, कारण त्या भूमिकेला बाई मिळेना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पुढे १९३२ मध्ये प्रभातने तीच हरिश्चंद्राची कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून मराठीत बोलती केली, तेव्हा तारामती होत्या दुर्गाबाई खोटे. शिकलेल्या, सधन घरातल्या बाईने सिनेमात जावे, ही गोष्ट त्या काळी घराघरांत चर्चेची झाली.

तेव्हा पार्श्वगायन नव्हते. कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गायचे आणि वादकांनी चौकटीबाहेर बसून साथ करायची. त्यामुळे नुसता चेहरा देखणा असून भागत नसे, आवाजही खणखणीत लागे. शांता आपटे अशाच गायिका-नायिका. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याशी लावून दिलेले लग्न मनाने न स्वीकारणारी नीरा त्यांनी उभी केली. हा करारीपणा पडद्यापुरता नव्हता. १९३९ मध्ये कराराच्या वादावरून त्या प्रभातच्याच फाटकापाशी उपोषणाला बसल्या.

आता आपले अमरावतीकर. विश्राम बेडेकर (जन्म १९०६) आणि गजानन जागीरदार (जन्म १९०७) हे दोघेही जन्माने अमरावतीचे. १९४१ च्या 'शेजारी'ची कथा बेडेकरांची आणि त्यातला मिर्झा जागीरदारांचा. त्याच वर्षी जागीरदारांनी आचार्य अत्र्यांचा 'पायाची दासी' दिग्दर्शित केला. सासू दुर्गाबाई खोटे, सून वनमाला. सुनेचा छळ हा त्या चित्रपटाचा विषय होता आणि तो पाहायला आलेल्या सासवा-सुनांना तो घरचाच वाटला असणार.

१९४४ च्या 'रामशास्त्री'च्या दिग्दर्शनात हे दोघेही होते आणि रामशास्त्री स्वतः जागीरदार. 'ध चा मा' आपण इतिहासाच्या तासाला शिकलो. ती आनंदीबाई या चित्रपटात ललिता पवारांनी साकारली. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला होता. नायिकेच्या भूमिका त्यामुळे दुरावल्या, पण त्या थांबल्या नाहीत. पुढे त्यांनी उभ्या केलेल्या खाष्ट सासवा कोण विसरेल?

पुण्यातल्या प्रभातच्या आवारात पुढे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६१ मध्ये जागीरदार तिचे प्रमुख झाले. ज्या जागेशी शांता आपट्यांचे उपोषण जोडलेले आहे, तिथेच मुली रीतसर प्रवेश घेऊन अभिनय शिकू लागल्या. तारामतीसाठी बाई मिळत नव्हती, त्याला तेव्हा पन्नास वर्षेही झाली नव्हती.

गॅदरिंगच्या नाटकात काम करायला घरून परवानगी मिळवताना आपल्या ज्या मैत्रिणींना झगडावे लागले, त्यांना या पन्नास वर्षांची किंमत मी वेगळी सांगायला नको.