रोशा तेल
रोशा तेल : रोशा गवताच्या (सं. रोहिष, हिं. रोसा, लॅ. सिंबोपोगॉन मार्टिनाय, कुल – ग्रॅमिनी) फुलोऱ्यासह कापलेल्या ताटांपासून ऊर्ध्वपातनाने मिळणारे सुगंधी बाष्पनशील तेल. व्यापारात ते पामारोजा तेल म्हणून ओळखले जाते. ते फिकट पिवळे असून त्याचा वास गुलाबासारखा गोड असतो. या गुलाबी वासामुळेच खानदेशातील डोंगरउतारांवरचे एक रानगवत एकोणिसाव्या शतकात थेट तुर्कस्तान व बल्गेरियाच्या बाजारपेठांत जाऊन पोहोचले.

गवताच्या लॅटिन नावातील ‘मार्टिनाय’ हा शब्द लखनौचे जनरल क्लॉड मार्टिन यांच्यावरून आला आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धाच्या काळात त्यांनी बालाघाटच्या पठारी मुलखात या गवताचे बी गोळा केले व ते लखनौस लावले. रॉक्सबर्ग यांनी या वनस्पतीचे वर्णन करताना त्यांचेच नाव तिला दिले. सुगंधी गवतांच्या नावांचा गोंधळ मात्र पुढे बराच काळ टिकून होता. तो ओटो स्टाफ यांच्या १९०६ मधील वर्गीकरणाने पुष्कळसा निवळला.

महाराष्ट्रात रोशा गवत मुख्यत्वे सातपुड्याच्या व सह्याद्रीच्या उत्तर टोकाच्या कोरड्या, पानझडी वनांत वाढते. मध्य प्रदेशातील निमाडातही ते विपुल असल्याने जुन्या व्यापारात या तेलाला निमाडी तेल असेही म्हणत. त्याचे मोतिया व सोफिया असे दोन प्रकार असून बाह्यरूपावरून ते ओळखणे कठीण असते. मोतिया निचऱ्याच्या उतारांवर सुटीसुटी ठोंबे धरून वाढते, तर सोफिया सखल जागी दाट माजते. अस्सल रोशा तेल मोतियाचे. सोफियापासून मिळणारे तेल हलक्या प्रतीचे असून त्याला जिंजरग्रास तेल म्हणतात.

खानदेशातील तेलधंद्याचे वर्णन १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये आढळते. पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे हा त्याचा मुख्य टापू होता. पावसाळा सरता सरता गवत पक्व होऊ लागले की, मुसलमान तेलवाले ते भिल्लांकडून विकत घेऊन गंजी लावीत व जेथे सरपण आणि वाहते पाणी दोन्ही मिळे अशा ओढ्याकाठी भट्ट्या मांडीत. चुलाणावर तांब्याची वा लोखंडाची मोठी कढई ठेवून तीत थोडे पाणी व तोंडापर्यंत कापलेले गवत भरीत. झाकण कणकेने लिंपून पक्के करीत. झाकणाच्या भोकातून निघणारी बांबूची नळी कापडाने गुंडाळून, उडदाच्या पिठाने लिंपून व दोरीने आवळून दुसऱ्या बंद भांड्यात सोडीत. हे भांडे गळ्यापर्यंत ओढ्याच्या पाण्यात बुडविलेले असे. वाफ त्यात निवली की पाण्यावर तेल तरंगे व ते काढून घेत. कणीक, उडदाचे पीठ आणि ओढा एवढ्यावर भागणारी ही योजना अडाणी वाटली, तरी तत्त्वतः आधुनिक ऊर्ध्वपातनाहून वेगळी नव्हती. तिचा दोष एवढाच की, कढईत पाणी कमी पडल्यास गवत करपून तेलाला जळकट वास येई.

तयार तेल कातड्याच्या बुधल्यांत भरून बैलांवरून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेस, किंवा धुळे-मनमाड मार्गाने मुंबईस जाई. तेथून ते तांबड्या समुद्रातील बंदरांतून कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. तेथील व्यापारी त्याला इद्रिस यागी म्हणत. लिंबाचा रस मिसळलेल्या पाण्याबरोबर ते घुसळून व उन्हात ठेवून त्याचा वास व रंग सौम्य करीत आणि मग ते बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. गुलाबाच्या पाकळ्यांवर हे तेल आधीच शिंपडून मग त्या भट्टीत घालण्याची युक्तीही प्रचारात होती. अशा प्रकारे युरोपात गुलाबाचे म्हणून विकल्या गेलेल्या अत्तरातील काही सुगंध वस्तुतः खानदेशी गवताचा होता. गवत कापणाऱ्या भिल्लाला या किंमतीचा गंधही नव्हता. शिवाय १८७८ च्या वन कायद्यानंतर ज्या रानातून तो ते आणी, त्यावरील त्याचा जुना वापरही सरकारी परवानगीचा विषय झाला.

भेसळीला बळ देणारे हे साम्य रसायनशास्त्राने उलगडले. १८७१ मध्ये ओ. याकोबसेन यांनी याच तेलापासून जिरॅनिऑल हे अल्कोहॉल प्रथम वेगळे केले. मोतिया तेलात ते साधारणतः ७५ ते ९० टक्के असते व गुलाबाच्या तेलातही ते एक प्रमुख घटक आहे. कालांतराने रोशा तेलातच टर्पेंटाइन, रॉकेल व खोबरेल यांची भेसळ होऊ लागली. खोबरेलाची भेसळ घरीही पारखता येते. कागदावर थेंब टाकून तो हवेत उडू द्यावा. शुद्ध बाष्पनशील तेलाचा तेलकट डाग उरत नाही, मेदी तेलाचा उरतो.

रोशाच्याच प्रजातीतील गवती चहा (सिंबोपोगॉन सिट्रॅटस) महाराष्ट्रातील घरांना अधिक परिचित आहे. केळवे-माहीमच्या पानवेलींच्या वाड्यांपासून घाटमाथ्यावरील परसांपर्यंत पाटाच्या किंवा मोरीच्या पाण्यावर त्याचे ठोंब जोपासतात व आल्याबरोबर चहात घालतात. त्याचा लिंबासारखा वास सिट्रल या आल्डिहाइडामुळे येतो. लिंबू, संत्रे, मोसंबी यांच्या सालींतील तेलात मात्र लिमोनीन प्रमुख असते. ते सालीतील पिशव्यांत साठते व उष्णतेने बिघडते, म्हणून साल थंडच दाबून काढतात. वाळलेल्या संत्रासालीची पूड दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, कचोरा, वाळा यांच्याबरोबर घालतात. हा या तेलाचा सर्वांत जुळलेला घरगुती उपयोग म्हणता येईल.

रोशा तेल साबणात व केशतेलात सुगंधासाठी, सांधेदुखीवर तिळेलात मिसळून चोळण्यासाठी आणि डास दूर ठेवण्यासाठी वापरतात. डासांवरील परिणाम तेल उडून जाताच ओसरतो, म्हणून रात्रभर त्यावर विसंबणे बरोबर नाही. कोणतेही बाष्पनशील तेल पातळ न करता कातडीस लावल्यास दाह होऊ शकतो. सालीपासून दाबून काढलेले लिंबाचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचेवर चट्टे उमटतात. अशी तेले पोटात घेणे, विशेषतः लहान मुलांच्या, धोक्याचे आहे. बाटली गडद रंगाची, तोंडापर्यंत भरलेली व घट्ट बुचाची असावी. हवा व उजेड लागल्यास लिंबूवर्गीय तेलांना लवकर खवट वास येतो.

रोशा गवताची आता लागवडही होते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘तृष्णा’ यांसारखे सुधारित वाण काढले आहेत. गवत फुलोऱ्यावर आले असता कापतात, कारण तेलाचे प्रमाण फुलोऱ्यात सर्वाधिक असते. टर्पेंटाइनमधील पायनिनापासून बनविलेल्या जिरॅनिऑलशी त्याला स्पर्धा करावी लागते, तरी उंची सुगंधी द्रव्यांत नैसर्गिक तेलाची मागणी टिकून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी व इतर पारंपरिक वनवासींना गौण वनोपजावर मालकीचा हक्क दिला असून त्याच्या व्याख्येत औषधी वनस्पतींचाही उल्लेख आहे.