मिलिंद : एका नावामागचा प्रश्न

नाव ही आपल्या समाजव्यवस्थेत कधीच खासगी बाब नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा कायदाच आहे : ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे. शूद्राला जे तुच्छ नाव, ते गावकुसाबाहेरच्याला चुकणार कसे? कचरू, धोंडू, दगडू, केरू ही नावे मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून इतर जातींतही ठेवली जात, हे खरे. पण आमच्या वस्तीतल्या साठीच्या म्हाताऱ्यालाही गावातले शेंबडे पोर 'कचऱ्या', 'धोंड्या' म्हणूनच हाक मारी. त्या हाकेत नाव नव्हते, पायरी होती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा हा नामकरणाचा कायदाही जळाला. नवी नावे घराघरांत रुजली ती मात्र १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद. यांतले मिलिंद हे नाव वेगळे आहे. सिद्धार्थ आणि गौतम ही बुद्धाचीच नावे, राहुल त्याचा मुलगा, आनंद त्याचा शिष्य. मिलिंद बुद्धाचा कुणीच नव्हता. तो बुद्धानंतर काही शतकांनी झाला आणि वंशाने तो ग्रीक होता.

ग्रीक मिनँडर म्हणजेच पालीतील मिलिंद. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यावर त्याचे राज्य वायव्य भारतात होते. राजधानी सागल, म्हणजे आजचे सियालकोट. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतील प्राकृत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो की भडोचच्या बंदरात त्याची नाणी तेव्हाही चालत होती. परक्याला आपल्यात घेण्याचे हे सामर्थ्य बौद्ध धम्मात होते. त्याची साक्ष महाराष्ट्राच्या डोंगरांतही आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरलेली आहेत, आणि त्यांतल्या एका यवनाचे नाव चक्क 'धम्म' आहे. आपल्या बोरिवलीच्या पाठीमागे कान्हेरीला जावे. तिथे कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी आणि कारागीर आपापल्या गावासह, व्यवसायासह दगडात नोंदलेले आढळतात. माणसाचे नाव त्याने दिलेल्या दानामुळे टिकले.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात हा राजा भिक्खू नागसेनाला भेटतो. पहिलाच प्रश्न विचारतो, तुमचे नाव काय? या देशात हा प्रश्न किती साधा आणि किती विषारी आहे, हे आपल्याला कुणी सांगायला नको. नागसेनाचे उत्तर मात्र प्रश्नच उलटवते. मला नागसेन म्हणतात, पण तो केवळ व्यवहाराचा शब्द आहे. त्याआड कसलाही कायमचा 'मी' दडलेला नाही. चाक, आस, जू यांतले काहीही एकटे रथ नव्हे, ती एकत्र आली की त्याला रथ म्हणतात, तसेच हे. जन्मासोबत येणारे आणि मरेपर्यंत न सुटणारे असे काही माणसात असतेच, या जातीच्या गृहीतकाला याहून मोठा धक्का कोणता?

पुढे नागसेन संवादाची अट घालतो. राजा पंडितांच्या रीतीने बोलणार असेल तर चर्चा होईल, राजांच्या रीतीने बोलणार असेल तर होणार नाही. पंडित युक्तिवादात सापडला तर रागावत नाही, चूक कबूल करतो. राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली, आणि हरल्यावर हार मानली.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तर १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दुसरे महाविद्यालय सुरू केले. त्याचेच नाव मिलिंद. त्याचा परिसर झाला नागसेनवन. ही योजना नीट पाहावी. विद्यार्थ्यापुढे आदर्श ठेवला तो प्रश्न विचारणाऱ्याचा, आणि तोही सत्तेचा माज बाजूला ठेवून विचारणाऱ्याचा. पुढे दलित साहित्याच्या चळवळीने याच नागसेनवनात मूळ धरले, हा योगायोग नव्हे.

अर्थात हे नाव आपलेच होते असे नाही. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, आणि त्या अर्थाने ते उच्चवर्णीय घरांतही होते. मुंबईचे रणजीपटू मिलिंद रेगे यांचा जन्म १९४९ चा, म्हणजे महाविद्यालयाच्याही आधीचा. बाळांच्या नावांची पुस्तके आजही भुंगा एवढाच अर्थ देतात. ग्रीक राजा त्यांच्या गावी नसतो. नाव एक, इतिहास दोन. म्हणूनच अंधेरीत किंवा मुलुंडमध्ये भाड्याचे घर शोधणाऱ्या मिलिंदला पुढचा प्रश्न येतो, 'पूर्ण नाव?' नावावरून जात कळेना, म्हणून आडनावाची झडती. नाव बदलले, विचारणाऱ्याचे मन बदलले नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली झाला तेव्हा त्या मनाने वस्त्या पेटवल्या, आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

मी उपनगरातल्या महाविद्यालयात शिकवतो. हजेरीपटावर मिलिंद आता बहुधा मधल्या जागी, वडिलांच्या नावात दिसतो. मुलांची नावे सम्यक, सुजात, तथागत अशी आहेत. नावे बदलत जाणारच, त्याचे दुःख नाही. पण मिलिंदांच्या या मुलांना वारशात काय मिळाले? आपल्याच चळवळीत मतभेद मांडणाऱ्याला आपण गद्दार ठरवतो, प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला गप्प बसवतो, आणि प्रत्येक गटाचा नेता राजांच्या रीतीने बोलतो. हे सारे करून आपण मुलांना बौद्ध नावे ठेवतो. मनूने लादलेले नाव आपण फेकून दिले, ते योग्यच केले. आता स्वतः निवडलेल्या नावाची अट पाळण्याची पाळी आपली आहे.