चपलेचा वास आणि २३ वर्षांचा कायदा

कोकणात कुणाचे डोके फिरल्यासारखे वाटले की लोक सहज बोलून जातात, "ह्याला रत्नागिरीला न्या." १८८६ साली इंग्रजांनी रत्नागिरीत वेड्यांचे इस्पितळ काढले, त्यावरून आलेले हे बोलणे. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या काळी देशभरच्या अशा इस्पितळांत फेफरे येणारी माणसेही वेडी म्हणून कोंडली जात. मेंदूतल्या पेशींतून विजेचा लोट एकाएकी उसळतो आणि झटका येतो, हे लंडनचे डॉ. जॅक्सन त्याआधीच, १८७० च्या दशकात सांगून बसले होते.

फिट म्हणजे वेड नव्हे, हे आम्ही पुन्हा का लिहितो? कारण ही चूक फक्त अडाण्यांनी केलेली नाही, संसदेनेही केली आहे.

हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. पुढे ते बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. त्यातल्या १९५५ च्या विवाह कायद्यात वेडाची अट होती, फिटचा उल्लेख नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने कलम ५ मध्ये वेडाच्या झटक्यांच्या शेजारी 'एपिलेप्सी' बसवली. म्हणजे वारंवार फिट येणाऱ्या जोडीदाराशी झालेले लग्न कोर्टातून रद्द करून घेता येऊ लागले. १९७६ साली! फेनोबार्बिटोनचा गुण १९१२ मध्ये कळला होता, फेनिटॉइन १९३८ मध्ये आले होते, मेंदूचा विद्युत आलेख १९२९ पासून जगाला ठाऊक होता.

कुणी म्हणेल, आपण १९५६ ला धम्म घेतला, हिंदूंच्या कायद्याशी आपला काय संबंध? त्याच कायद्याचे कलम २ वाचा. बौद्ध, जैन, शीख सगळे त्याखाली येतात. बौद्धवाडीत त्रिसरण-पंचशील घेऊन लागलेल्या लग्नावरही ही तलवार टांगलेली होती. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनसारख्यांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १९९९ साली तो शब्द निघाला.

कायद्यातून निघाला, पण सोयरिकीच्या बैठकीतून नाही. मुलीच्या फिट लपवल्या जातात, सासरी ती गोळ्या लपवते, एखादे दिवशी त्या चुकतात. गोळी अचानक बंद झाली तर झटके पूर्वीपेक्षा जोराने येऊ शकतात. मुलाच्या फिटबद्दल इतकी चौकशी होते का, हे आपल्याच घरांना विचारावे.

आता चपलेकडे येऊ. ज्या समाजाने चामड्याचे काम करणाऱ्याला शिवून घेतले नाही, तोच समाज फिट आलेल्याच्या नाकाला चामड्याची चप्पल लावतो! बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. श्रेय मिळते चपलेला, कांद्याला, नाहीतर नारळ उतरवणाऱ्या भगताला. आपल्या वाड्याही यातून सुटलेल्या नाहीत, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर असल्या तरी.

दुसरा डाग आपल्या ताटावर लावतात: डुक्कर खाणाऱ्यांचा रोग. अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात पट्टकृमी होतो, हे खरे. पण मेंदूत गाठी होऊन फिट येतात त्या जंताची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, हातांवर, कच्च्या भाजीवर येतात. मांसाला न शिवणाऱ्यालाही हा आजार होतो. सांडपाणी कुणाच्या वस्तीत सोडले आहे, तिथे बोट ठेवा. याखेरीज बाळंतपणात बाळ गुदमरणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात ही कारणे आहेत, आणि पुष्कळांत कारण सापडतच नाही.

नीट निदान आणि उपचार मिळाले तर शंभरातल्या सत्तरजणांपर्यंत फिट थांबू शकतात. निदान मुख्यतः पाहणाऱ्याच्या सांगण्यावर होते. ईईजी चांगला आला म्हणून आजार नाही असे ठरत नाही. म्हणून मोबाईलवर झटक्याचे चित्रण करा आणि ते डॉक्टरांना दाखवा. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, किल्ली, पाणी काही घालू नका. पाच मिनिटांत थांबले नाही तर थेट रुग्णालय गाठा. बाईला मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण व्हॅल्प्रोएटसारखी गोळी गर्भाला घातक ठरू शकते. मात्र कुठलीही गोळी मनाने सोडू नये.