शिसव (लाकूड)

शिसव हा शिंबावंत कुलातील मोठा पानझडी वृक्ष असून त्याचे शास्त्रीय नाव डाल्बर्जिया लॅटिफोलिया आहे. सह्याद्री, मध्य व दक्षिण भारतातील जंगले आणि इंडोनेशियातील जावा बेट येथे तो आढळतो. इंग्रजीत तो ‘इंडियन रोझवुड’ म्हणून ओळखला जातो. ताज्या कापलेल्या लाकडास मंद गोडसर वास येतो, त्यावरून हे नाव पडले.

गुणधर्म : बाहेरचे रसकाष्ठ फिकट पिवळसर, तर मध्यकाष्ठ सोनेरी तपकिरी ते जांभळट असून त्यात गडद काळसर रेषा असतात. मराठीत काळ्या तुकतुकीत वर्णाला ‘शिसवी’ म्हणतात खरे. पण हे लाकूड मुळात निखळ काळे नसते. जुन्या सामानाची काळिमा पुष्कळशी पॉलिशची आणि वयाची असते. वाळलेल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारणपणे ७५० ते ९०० किलोग्रॅम, म्हणजे सागापेक्षा बरेच जास्त भरते. मध्यकाष्ठाला वाळवी सहसा लागत नाही.

तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने रंधा मारताना पृष्ठभाग उचकटतो. काही ओंडक्यांत चुनखडीसारखे कठीण साठे असतात व त्यांमुळे करवत, पटाशी लवकर बोथट होते. लाकूड सावकाश वाळवावे लागते, मात्र एकदा वाळले की आकार सोडत नाही. त्याच्या भुशाने काहींच्या त्वचेला व श्वसनमार्गाला त्रास होतो. म्हणून तोंडाला फडके बांधणे किंवा मास्क वापरणे इष्ट.

उपयोग : पलंग, झोपाळे, देव्हारे, कोरीव खुर्च्या यांसाठी शिसवाला पूर्वीपासून मान आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडविलेले नक्षीदार शिसवी सामान ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने परदेशातही प्रसिद्ध होते. म्हैसूरच्या जडावकामात शिसवाच्या फळीत इतर रंगांची लाकडे बसवितात. गिटारची पाठ, बाजू व बोटपट्टी, तसेच सजावटीचा पातळ पापुद्रा (व्हिनिअर) यांसाठीही त्याला मागणी आहे.

शिसव आणि शिसम : बाजारात ही दोन नावे सर्रास एकमेकांऐवजी वापरली जातात, आणि त्यात ग्राहक फसतो. शिसम (डाल्बर्जिया सिसू) हा हिमालयाच्या पायथ्याशी नदीकाठी वाढणारा निराळा वृक्ष आहे. त्याचे लाकूड उत्तम असले तरी रंगाने फिके तपकिरी व किमतीने स्वस्त असते. उभ्या झाडात पर्णिकांवरून फरक कळतो : शिसमाच्या टोकदार, तर शिसवाच्या टोकाशी बोथट किंवा किंचित खाचदार असतात.

संरक्षण : शिसव फार हळू वाढतो आणि मोठ्या खोडांची तोड पुष्कळ झाली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद ‘असुरक्षित’ गटात केली आहे. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया प्रजातीतील जवळजवळ सर्व जाती ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या. त्यामुळे शिसवी वस्तूंच्या निर्यातीस परवाना लागू लागला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना यातून सूट देण्यात आली.