लगामाआधी तोबरा

मी घोडे फिरवायला शिकवतो. त्यामुळे मराठ्यांच्या घोडदळाविषयी वाचताना माझी नजर तलवारीआधी तोबऱ्याकडे, घोड्याच्या तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीकडे जाते. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगिराचा घोडा सरकारी असे, शिलेदाराचा स्वतःचा. सभासद बखरीनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पाणी आणि खूर या गोष्टी कुणाच्या लहरीवर सोडलेल्या नव्हत्या.

१६७०च्या दशकात चिपळूणच्या छावणीसंदर्भात महाराजांनी जुमलेदार या लष्करी अधिकाऱ्यांना धाडलेलं पत्र तर मी प्रत्येक शिकाऊ स्वाराला वाचायला लावतो. दाणा-वैरण आताच उधळलीत, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि दोष तुमच्या माथी येईल, असं त्यात बजावलंय. गवताजवळच्या विस्तवाबद्दल, दिव्याबद्दलही ताकीद आहे.

ठरल्या वेळी तोबरा चढवणाऱ्याची चाहूल घोडा ओळखतो. चाबकाने तो नुसता दबतो आणि दबलेला घोडा अनोळखी ओढ्याशी हटकून अडतो. भीमथडीच्या तट्टांच्या लांबलांब मजलांचं कौतुक सगळेच करतात; मला त्यामागे रोजचा खरारा दिसतो.